चार भिंतींतलं रडणं

आमच्या हामोला सरळ प्रश्न विचारून सरळ उत्तर मिळालंय, असा माणूस एल्डरहोप गावात शोधून सापडला नसता. "पाऊस येईल का रे?" म्हणून विचारलं तर आधी आभाळाकडे बघायचा, मग चिखलाकडे, मग विचारणाऱ्याच्या जोड्यांकडे, आणि म्हणायचा, "वाटतं तरी तसं. पण नाही वाटत, असंही नाही." लग्नातसुद्धा तेच. चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर, पाद्रीबाबांनी विचारलं, "हामो, ह्या आविसला बायको म्हणून पत्करतोस ना?" तर हा बाबा म्हणतो, "वाटतं तरी तसं." लोक पोट धरधरून हसले. मी त्याच्या पायावर टाच दाबली आणि दातओठ खात म्हटलं, "हो म्हण, मेल्या!" तेव्हा कुठं हो म्हणाला. असल्या माणसाच्या एका शब्दावर पुढं एका सरदाराचं घर, त्याची आई, त्याच्या पोरी आणि आमची सगळी वस्ती येऊन टांगली. ह्याला देवाची थट्टा नको म्हणू तर काय म्हणू? आता ते सरदार, सर फुल्क, नाहीत, हामो नाही, बोलायला हरकत नाही.

हामोचा बाप नांगऱ्या होता, आजाही नांगऱ्या. हामोच्या हाती नांगर दिला की तो तास संपल्यावर बांधापाशी जाऊन उभाच. डावीकडे वळू की उजवीकडे? बैल शहाणे, कंटाळून आपले आपण वळायचे. बाप म्हणायचा, "ह्याच्यापेक्षा बैलांना नांगर धरायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं." शेवटी त्या वेळचे थोरले मालक, इडोनियाबाईंचे वडील, म्हणाले, "ह्याला वाड्याच्या दारावर ठेवा. दारवानाला कामं दोनच, उघडायचं नाहीतर लावायचं. एवढं तरी जमेल."

जमलं कसलं डोंबल! बिशपसाहेबांचा कारभारी प्रवासानं मळलेल्या झग्यात आला, त्याला ह्यानं मागच्या दारानं स्वयंपाकघरात धाडलं, तिथं त्याला वाटाण्याचं कढण आणि बार्लीची शिळी भाकर मिळाली. आणि त्याच दिवशी सुया-दोरे विकणारा एक फिरस्ता पिसाची टोपी घालून आला, त्याला थेट मालकांच्या पंगतीला नेऊन बसवलं. त्यानं भाजलेल्या हंसावर असा ताव मारला की बघत राहावं. मालक लाल झाले. पण इडोनियाबाई तेव्हा अगदी पोरगेल्या होत्या. त्यांना हसूनहसून उचकी लागली. "बाबा, ह्याला काढू नका हो. ह्याच्यामुळं घरात करमतं." झालं, हामो जन्मभरासाठी दारावर राहिला. दारालगतची खोली आम्हांला मिळाली.

इडोनियाबाई बापाची एकुलती एक. वाडा, शेतं, गिरणी, नदीकाठचं कुरण, सगळं त्यांचं. थोरले मालक गेले आणि मग त्यांच्याशी लग्न करून सर फुल्क आले. घराणं मोठं, पण हे तिसरे चिरंजीव. वडिलांकडून काय मिळालं, तर एक घोडा आणि आडनाव. पहिली बायको वारलेली, दोन लहान पोरी पदरात, आणि बरोबर आई, थोरल्या हॉविसबाई, त्यांच्या जिभेला कुलूप नव्हतं. सर फुल्क फ्रान्सच्या लढाईत घोड्यावरून डोक्यावर पडले आणि डावा कान कायमचा गेला. त्यामुळं मोठ्यानं बोलायचे आणि ऐकताना मान वळवून उजवा कान पुढं करायचे. गावातली टवाळ पोरं म्हणायची, "सरदारसाहेबांना शिव्या द्यायच्या तर डावीकडून द्या." पण शिव्या कुणी दिल्या नाहीत. माणूस साधा होता. सुगीच्या जेवणाला आमच्या बाकावर येऊन बसायचा. इडोनियाबाईंनी त्यांच्यात काय पाहिलं कोण जाणे, पण पाहिलं खरं. त्यांच्या बहिऱ्या कानापाशी वाकून त्या काहीतरी बोलायच्या आणि आपणच हसायच्या. "काय म्हणालीस?" "काही नाही." मी हे कितीदा पाहिलंय.

इडोनियाबाईंचे दिवस भरायच्या दोन-तीन महिने आधी मी बाळंत झाले होते. सबिना माझी. आम्हांला उशिरा झालेली, एकटीच. मला दूध भरपूर, तेव्हा वाड्यातलं बाळ मीच पाजायचं असं ठरलं होतं. म्हणून सुगी आटोपून संत मायकेलचा सण झाल्यावर बाईसाहेबांना कळा सुरू झाल्या तेव्हा मला वर खोलीत बोलावलं. सबिनाला मी खाली स्वयंपाकघरातल्या म्हातारीकडे दिली. हामो जिन्याच्या पायथ्याशी उभा. वरच्या खोलीत पुरुषाला बंदी.

बाळ अडलं. मग सुईणीनं सांगितलं, घरातलं जे जे बंद असेल ते उघडा. आमच्याकडची रीतच आहे ती, घर मोकळं झालं की बाळंतीण मोकळी होते. पेट्यांची झाकणं उघडली, गाठी सोडल्या, आमच्या वेण्या सोडल्या, सगळी दारं सताड उघडली. कोठाराचं, चर्चच्या वाटेचं, स्वयंपाकघराचं, वरच्या खोलीचं. हामो मला नंतर म्हणाला, "आविस, मी दारवान, आणि घरात लावलेलं एक दार नाही. मी नक्की कशासाठी उभा होतो?" मी म्हटलं, "तुझा गोंधळ व्हायला दार लागतं कुठं?"

बाळ आलं. मुलगा. निळा पडलेला. सुईणीनं पाठ चोळली, तोंडात बोट घालून घाण काढली, उलटा धरला. मग त्यानं डोळे उघडले. खरंच उघडले. सुईणीनं घाईघाईनं त्याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं आणि एडमंड नाव ठेवलं, असं अडल्या वेळी सुईणीला करता येतं. मला म्हणाली, "धर!" मी धरला. त्यानं माझं बोट पकडलं. घट्ट. आणि तोंड उघडलं. आणि रडणं ऐकू आलं.

इथंच तर सगळा घोळ आहे! तोंड त्याचं उघडं होतं, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलं. रडणं मी ह्या कानांनी ऐकलं. पण दारं सगळी उघडी, आणि खाली माझी सबिना. त्याच क्षणी माझ्या छातीला दूध सुटलं, झगा ओला झाला. थोरल्या हॉविसबाई ओरडल्या, "रडला! माझा नातू रडला!" सुईण आईकडे वळलेली होती, ती म्हणाली, "मला काही विचारू नका." पोरानं माझं बोट सोडलं तेव्हा मला वाटलं, झोप लागली असेल. तो गेला होता. दिवस मावळायच्या आत बाईसाहेबही गेल्या. सर फुल्क जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होते, बहिरा कान खोलीकडे. कुणी त्यांच्या हाताला धरून उठवलं तेव्हा त्यांना कळलं.

चर्चमध्ये मायलेकरांना एकत्र पुरलं आणि लगेच नदीपलीकडून ड्रोगोसाहेबांचा माणूस आला. हे बाईसाहेबांचे चुलतभाऊ. म्हणणं असं, की बहीण गेली, तिचं मूल नाही, तेव्हा माहेरची सगळी मिळकत आता आपली. नदीपलीकडे त्यांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. लोकांच्या झोपड्या पाडून तिथं मेंढ्या सोडल्या. तिकडची माणसं आमच्या वाटेवर भीक मागत यायची.

आता कायदा कसा ते सांगते. मला तरी तो अजून पुरता कळलेला नाही. बायको मेली तर तिच्या माहेरच्या जमिनीवर नवऱ्याचा हक्क नाही. पण त्या दोघांना जिवंत मूल झालेलं असलं, मग ते पुढं जगो न जगो, तर नवऱ्याला मरेपर्यंत सगळं राहतं. मूल जिवंत होतं हे कशावरून? तर ते चार भिंतींच्या आत रडलेलं कुणीतरी ऐकलं पाहिजे. डोळे उघडले, बोट धरलं, ते चालत नाही. रडलंच पाहिजे. आणि ऐकायचं कुणी? पुरुषांनी, कारण शपथ पुरुषांची. बायकांना विचारायचंच नाही. म्हणजे खोलीत ज्या होत्या त्यांनी गप्प बसायचं आणि ज्याला आत यायला बंदी, त्यानं आत काय झालं ते सांगायचं! हा कायदा ज्या शहाण्यानं केला तो स्वतः कुणाच्या पोटी जन्माला आला होता, हे एकदा विचारायला पाहिजे.

सर फुल्क जिन्यावर होते, पण बहिरा कान खोलीकडे करून; आणि पायथ्याशी पुरुष कोण होता? एकटा हामो.

ईस्टरनंतर राजाचा अंमलदार येऊन पंचांसमोर चौकशी करणार असं कळलं. तोवर सगळा हिवाळा लोकांनी हामोचं डोकं खाल्लं.

"काय ऐकलंस रे?"

"बाळ रडलं."

"कुणाचं बाळ?"

"बाळच. लहान होतं."

चाकं बनवणारा ओस्बर्ट तर जाता-येता टोमणे मारायचा. "अरे, स्वतःच्या पोरीचं रडणं ओळखता येईना तुला? माझी मेंढी कळपात आपलं कोकरू बरोबर ओळखते."

हामो म्हणाला, "मेंढीला शपथ घ्यावी लागत नाही, ओस्बर्ट."

त्या हिवाळ्यात माझ्या सबिनाला पहिला दात आला. खालचा, डावीकडचा. आमच्या अंगणातली हंसीण चिखलात घसरून पडली ते बघून ती पहिल्यांदा खळखळून हसली, आणि मग हंसीण दिसली की हसायची. रांगत दाराशी जायची आणि अडसरावर हात आपटायची. हामो म्हणायचा, "ही होणार बघ पुढची दारवान. हिला बरोबर कळतंय काय करायचं ते." मेणबत्त्यांच्या सणाच्या सुमाराला तिचा घसा धरला. ताप चढला तो उतरलाच नाही. चर्चमागच्या जुन्या झाडाखाली तिला ठेवली. माझं दूध आटायला पुष्कळ वेळ लागला.

त्यानंतर हामो जेवायला बसला की चमचा हातात धरून तसाच राहायचा. एक दिवस मला म्हणाला, "आविस, तू तर आत होतीस. सांग ना. कोण रडलं?"

"त्याचं तोंड उघडं होतं."

"म्हणजे एडमंड."

"पण मला दूध सुटलं."

"म्हणजे सबिना."

"अरे, दूध कुणाच्याही पोराच्या रडण्याला सुटतं."

"मग एडमंड?"

"मला काय विचारतोस? जिवंत होता एवढं मी छातीठोक सांगते. माझं बोट धरलं होतं त्यानं."

"मग तेच सांगतो."

"तू पाहिलंस?"

"नाही."

"मग कसं सांगणार?"

त्यानं चमचा खाली ठेवला. "ह्यापेक्षा नांगर बरा होता," म्हणाला.

पाद्रीबाबांकडे गेला. मीही बरोबर होते. पाद्रीबाबा म्हणाले, "खोटी शपथ म्हणजे आत्म्याचा नाश, हामो. पण तुला खरं काय ते माहीत आहे का?"

"नाही, बाबा."

"मग तू बोलशील ते खोटं कसं होईल?"

"पण मग खरं तरी कसं होईल, बाबा?"

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, मला एका आजाऱ्याला बघायला जायचंय. गावात कुणी आजारी नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दुपारी सर फुल्क आमच्या दारापाशी आले. मी आत पीठ मळत होते. मला वाटलं, आता हे दम देणार नाहीतर गळ घालणार. ते दारालगतच्या दगडावर बसले, उजवा कान हामोकडे केला.

"हामो, उद्या काय सांगायचं ते मी सांगायला आलो नाही."

"होय, मालक."

"माझी आई म्हणते, तो रडला. तू ऐकलंस, असंही सगळे म्हणतात. मी तर तिथंच होतो, जिन्यावर. पण ह्या कानाच्या बाजूला होती ना खोली..." एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, पण आवाज अगदी बसलेला. "कसं होतं रे ते? माझ्या पोराचं रडणं कसं होतं?"

मी पिठात हात तसेच ठेवून उभी. मला वाटलं, म्हणेल आता, वाटतं तरी तसं.

हामो म्हणाला, "बारीक होतं, मालक. आधी काहीच नाही, नुसता श्वास कोंडून धरल्यासारखं. वाटावं, आता हे रडतच नाही. आणि मग एकदम चिडून. कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं."

सर फुल्कांनी डोळे मिटले. "चिडका होता म्हणजे. तिच्यावर गेला होता," म्हणाले आणि हसले. बाईसाहेब गेल्यापासून त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग हामोच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले.

आणि मी तिथल्या तिथं भुईवर बसले. कारण श्वास कोंडून धरायचा आणि मग एकदम चिडून फोडायचा, असं माझी सबिना रडायची. रोज. पण पोरं सगळीच तशी रडत असतील, कोण जाणे! मी काही शंभर पोरं वाढवलेली नाहीत. हामो आत आला तेव्हा मी पुन्हा पीठ मळायला घेतलं.

चौकशी वाड्याच्या दिवाणखान्यातच झाली. राजाचा अंमलदार मधे बसला, एका बाजूला पंच, दुसऱ्या बाजूला ड्रोगोसाहेबांचा वकील, तुकतुकीत टकलाचा, साखर पेरल्यासारखा बोलणारा. आम्ही बायका मागं भिंतीला टेकून उभ्या. थोरल्या हॉविसबाई दोन्ही नातींना दोन हातांना धरून.

आधी बाकीच्यांची उत्तरं. आमच्याकडे दिवस लक्षात राहायचा तो त्या दिवशी आपल्याला काय झालं त्यावरून. ओस्बर्ट शपथ घेऊन म्हणाला, "मला पक्कं आठवतं, त्या दिवशी माझ्या बैलाचं शिंग मोडलं."

"ते असू दे. बाळाचं रडणं ऐकलंस?"

"हामोनं ऐकलं, ते मी ऐकलं."

दुसरा म्हणाला, त्या दिवशी माझी सासू विहिरीपाशी पडली, तिचं ओरडणं ऐकलं, बाळाचं नाही. लोक हसले. अंमलदारानं टेबल आपटलं आणि म्हणाला, "दारवान कुठंय?"

हामोनं ग्रंथावर हात ठेवला. मी मनात म्हणाले, मरियामाते, ह्याच्या तोंडून एकदा तरी धड वाक्य काढ गं. कुठलंही. पण धड.

"चार भिंतींच्या आत बाळ रडलेलं ऐकलंस?"

"ऐकलं."

दिवाणखान्यातल्या सगळ्यांनी रोखलेला श्वास सोडला. पण वकील उठला. हळूच, मांजरासारखा.

"हामो, तुझी बायको त्या दिवशी वर होती. कशासाठी?"

"बाळाला पाजायला."

"म्हणजे तिच्या अंगावर दूध होतं. दूध होतं म्हणजे तुम्हांला मूल होतं. सगळी दारं उघडी होती असं ऐकतो. मग तुमचं मूल त्या वेळी कुठं होतं?"

पंचांतला प्रत्येक माणूस सबिनाला ओळखत होता. ओस्बर्टनं तिला लाकडाचा घोडा करून दिला होता. तिला पुरणारे पाद्रीबाबा खिडकीत उभे होते. स्वयंपाकघरातली म्हातारी, जिच्या मांडीवर सबिना त्या दिवशी होती, ती माझ्या शेजारी उभी होती. कुणी वर बघेना. सगळे मूग गिळून आपापल्या जोड्यांकडे बघत होते, अगदी हामोसारखे. आणि हामो तेवढा समोर बघत होता.

"आमची पोर त्याआधीच गेली होती," तो म्हणाला. "म्हणूनच तर हिला बोलावलं. हिचं दूध वाया जात होतं. घरात दुसरं बाळ नव्हतं."

'वाटतं' नाही, 'बहुतेक' नाही, 'तसं बघितलं तर' नाही. आयुष्यातलं पहिलं सरळ उत्तर. वकिलानं छातीवर क्रूसाची खूण केली, "देव तिला शांती देवो," म्हणाला, आणि खाली बसला.

वाडा राहिला. गाव राहिलं. हॉविसबाईंनी सगळ्यांदेखत हामोच्या कपाळाचा मुका घेतला. सर फुल्कांनी आम्हांला लोकरी कापड आणि हरणाची तंगडी पाठवली. मला आनंद झाला का? झाला. खोटं कशाला बोलू? मेंढ्यांच्या पायी रस्त्यावर येण्यापेक्षा बरं. पण मी हामोशी बोलणं टाकलं. शिजवलेलं पुढ्यात आपटायची आणि तोंड फिरवायची. एक दिवस तोंडातून सुटलंच.

"मेल्या, माझ्या पोरीचा सगळा हिवाळा खाल्लास! तिचा दात खाल्लास, तिचं हसणं खाल्लंस! मेली ते मेली, तिला अजून आधी मारलीस!"

तो रडला नाही, रागावला नाही. म्हणाला, "मी सगळा जन्म दाराशी उभा राहिलो, आविस, आणि मला कधी कळलं नाही, उघडायचं की लावायचं. त्या दिवशी लावलं. चुकलं का?"

चुकलं म्हणू तर ती जिवंत माणसं डोळ्यांपुढं. बरोबर म्हणू तर ती हंसीण अंगणात. मी त्याचा चमचा त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "जेव."

पण खरा घोळ पुढंच. शपथ झाली ती झाली, आता ती सांभाळायला हवी. गावातलं कुणी कधी ठरवलं नाही, तरी सगळ्यांनी ठरवल्यासारखं केलं. पाद्रीबाबा सबिनासाठी प्रार्थना करायचे ती मेणबत्त्यांच्या सणाऐवजी सुगीच्या दिवसांत करायला लागले. ओस्बर्टची बायको मला म्हणाली, "तुझी ती लेक गेली तेव्हा किती गरम होतं, नाही?" बर्फ होतं तेव्हा! जमीन अशी गोठलेली, की खड्डा खणताना कुदळ आत जात नव्हती. मी "हो, गरम होतं," म्हणाले. काय करणार? दाताची गोष्ट कुणाला सांगायची सोय राहिली नाही, कारण शपथेप्रमाणे तिला दात यायच्या आधीच ती गेली होती. वर्षं गेली आणि मलाच कधीकधी वाटायला लागलं, खरंच हंसीण पडली होती का? की मी मनानं रचलं?

सर फुल्क मात्र म्हातारे झाले तरी दर वर्षी संत मायकेलच्या सणानंतर दाराशी येऊन दगडावर बसायचे. "सांग रे हामो, कसं होतं?" आणि हामो सांगायचा. आधी श्वास कोंडून, मग एकदम चिडून. दर वर्षी तेच, एक शब्द इकडचा तिकडं नाही. मी आत काहीतरी काम काढून ऐकत बसायची. दोघे मिळून आपापल्या पोराची आठवण काढायचे, असं मी म्हणते. सर फुल्कांना ते कधी कळलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि वाडा ड्रोगोसाहेबांच्या मुलाकडे गेला. तोवर त्या पोरी सासरी गेल्या होत्या, आणि हा मुलगा बापासारखा निघाला नाही. आम्हांला त्यानं खोलीतच राहू दिलं.

हामो गेला तो ह्या वसंतात. भर दुपारी. बरेच दिवस बरळत होता. जीव अडकलेला, जाईना. शेजारणी म्हणाल्या, दारं उघडा, गाठी सोडा, जाणाऱ्यालाही वाट मोकळी लागते. मी सगळं उघडलं. खिडकीची फळी काढली, माझी वेणी सोडली. तेव्हा त्यानं डोळे उघडून मला ओळखलं. "आविस," म्हणाला, "ती होती ना?"

"कोण?"

"सबिना. त्या दिवशी घरात होती ना? की आधीच गेली होती? मी इतक्यांदा म्हटलं, की आता मलाच कळेना. तिथं वर मला विचारतील."

मी त्याचा हात धरला. "होती. स्वयंपाकघरात होती. त्यानंतर तिला दात आला, खालचा, डावीकडचा. हंसीण पडली म्हणून हसली. अडसरावर हात आपटायची. बर्फात गेली ती, हामो, मेणबत्त्यांच्या सणाला."

"मग कोण रडलं?"

खरं सांगते, मला अजूनही माहीत नाही. त्याचं तोंड उघडं होतं आणि मला दूध सुटलं होतं, एवढंच मला माहीत आहे. पण माझ्या नवऱ्यानं एकदा दुसऱ्याच्या पोरासाठी ठाम उत्तर दिलं होतं.

"सबिना रडली," मी म्हणाले. "आपली सबिना."

त्यानं उघड्या दाराकडे पाहिलं. "तिचंच होतं," म्हणाला. "मी लगेच ओळखलं होतं."